अक्कलदाढ काढायची की ठेवायची? आधी शेजारची दाढ बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एका गृहस्थांची मुलगी, वय 22, सात आठवड्यांनी शिकायला जर्मनीला निघाली आहे. गेल्या चार महिन्यांत उजवीकडच्या खालच्या अक्कलदाढेची हिरडी दोनदा सुजली. दुसऱ्या वेळी तर तोंडात दोन बोटंही जाईनात. दोन्ही वेळा गोळ्या घेतल्या, उतरलं. ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे काढला, त्यात खालच्या दोन्ही अक्कलदाढा तिरक्या आणि वरच्या दोन्ही सरळ दिसल्या. एक डेंटिस्ट म्हणाले, पूर्ण भूल देऊन चारही एकदम काढून टाका. दुसरे म्हणाले, आता दुखत नाही ना, मग हात लावू नका. आजी म्हणतात दाढ काढली की नजर जाते. मावशींनी ऐकलंय की ओठ कायमचा बधिर होतो. शिवाय या गृहस्थांनी स्वतःच्याही एका गाडलेल्या दाढेबद्दल विचारलंय, त्याचं शेवटी बोलतो.

आधी माझं मत सांगून टाकतो. उजवीकडची खालची दाढ काढा, आणि जायच्या आधी काढा. तिच्याबरोबर त्याच बाजूची वरचीही बहुधा काढावी लागेल. डावीकडच्या खालच्या दाढेचा निर्णय एक गोष्ट तपासल्यावर घ्यायचा. पूर्ण भूल लागेल असं तुमच्या वर्णनावरून तरी वाटत नाही.

आता कारणं. अक्कलदाढ म्हणजे मधल्या रेषेपासून मोजत गेलं तर आठवी. तिच्या पुढची सातवी. आम्ही ओपीजी हातात घेतला की पेशंटचं लक्ष आठवीकडे असतं आणि आमचं सातवीकडे. कारण आठवी नसली तर चावण्यात काही फरक पडत नाही. दर चार-पाच जणांत एकाला एखादी तरी अक्कलदाढ जन्मतःच नसते आणि त्याचं काही अडत नाही. सातवी मात्र रोज भाकरी चावणारी, जबड्यातली कामाची दाढ. तिरकी आठवी सातवीच्या पाठीला टेकून उभी राहते, आणि दोघींच्या मध्ये हिरडीखाली एक खोबण तयार होते. तिथे भाताचं शीत जातं, पालेभाजीचा धागा जातो, ब्रश जात नाही. कीड लागते ती सातवीच्या मागच्या अंगाला, मुळाजवळ, जिथे वरचं कडक आवरण संपलेलं असतं. कीड खोलवर जाईपर्यंत दुखतही नाही. दुखायला लागतं तेव्हा रूट कॅनल करायची म्हटलं तरी कीड हिरडीच्या इतकी खाली असते की वर कॅप नीट बसत नाही. मग आठवीच्या तक्रारीसाठी आलेला माणूस सातवी पण गमावून जातो. पस्तिशी-चाळिशीतल्या पेशंटांत हे मी नेहमी बघतो, आणि त्यातल्या बहुतेकांना विशीत कुणीतरी सांगितलेलं असतं, ‘दुखत नाही तर कशाला?’

म्हणून तुमच्या दुसऱ्या डेंटिस्टांचं मत मला अर्धंच पटतं. काहीच त्रास नसलेली, कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी दाढ उगाच काढू नये, हे अगदी बरोबर. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला सल्ला देणाऱ्या नाइस या संस्थेने 2000 साली हेच सांगितलं: आजार नसलेल्या अडकलेल्या अक्कलदाढा निव्वळ खबरदारी म्हणून काढणं बंद करा. पण त्याच सूचनांत असंही आहे की हिरडीची सूज एकदाच आली आणि फार गंभीर नसली तर थांबावं, दुसऱ्यांदा आली तर दाढ काढण्याचा विचार रास्त आहे. तुमच्या मुलीची दुसरी वेळ होऊन गेली आहे. आणि त्या सूचनांनंतरची गोष्टही सांगायला हवी. तिथल्याच सर्जनांना पुढे दिसायला लागलं की लोक आता जास्त वयात येतात आणि येताना सातवीची कीड घेऊन येतात. त्यामुळे ‘ठेवा’ असं म्हटलं तरी त्याचा अर्थ ‘विसरा’ असा होत नाही.

सूज का आली आणि पुन्हा का येईल ते बघू. दाढ अर्धी वर आलेली असते, अर्ध्या भागावर हिरडीची झापड असते. झापडीखाली अन्न सडतं, जंतू वाढतात, झापड सुजते. सुजली की वरची दाढ चावताना तिच्यावर आपटते, मग आणखी सुजते. हे सगळं जबडा उघडणाऱ्या-मिटणाऱ्या स्नायूंच्या शेजारी चाललेलं असतं, ते आखडतात, म्हणून तोंड उघडत नाही. अँटिबायोटिकने जंतू कमी होतात, सूज उतरते. झापड, खोबण आणि तिरकी दाढ जागच्या जागी राहतात. परीक्षा, जागरण, सर्दी-ताप असलं काही झालं की पुन्हा ठणका. ‘नुसती झापड कापून टाका ना’ असं बरेच जण विचारतात. दाढ सरळ असेल आणि तिला वर यायला जागा असेल तर तो उपाय चालतो. तिरक्या दाढेवरची झापड काही महिन्यांत पुन्हा वाढते, म्हणजे दुखणं फुकट.

इथे मेडिकलच्या दुकानाबद्दल दोन शब्द. ‘दाढ सुजलीय’ म्हटलं की काउंटरवरून पुडीत दोन रंगांच्या गोळ्या मिळतात आणि वर एक ॲसिडिटीची. दोन दिवसांत बरं वाटलं की उरलेल्या ड्रॉवरमध्ये जातात, पुढच्या वेळी त्याच बाहेर निघतात. सूज हिरडीपुरती असेल तर बऱ्याचदा अँटिबायोटिक लागतच नाही. डेंटिस्टने बोथट सुईच्या सिरिंजने झापडीखालची घाण सलाइनने धुऊन काढली आणि घरी कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा भरल्या, तर दोन-तीन दिवसांत उतार पडतो. ताप आला, गालावर सूज पसरली, तोंड उघडेना, गळ्यातली गाठ दुखायला लागली, तर मात्र अँटिबायोटिक हवं, पण ते तपासून लिहून दिलेलं आणि सांगितलेले दिवस पूर्ण घेतलेलं. त्यात मेट्रोनिडाझोल असेल तर त्या दिवसांत दारूचा थेंबही नको.

घरच्या उपायांत लवंगेचं तेल कापसाच्या टोकाला किंचित लावून ठेवलं तर चालतं. बोळा भिजवून ठेवला तर हिरडी भाजते. ॲस्पिरिनची गोळी गालात धरून ठेवणं आणखी वाईट, तिथली कातडी पांढरी पडून सोलून निघते. तंबाखू किंवा मशेरी दाबून ठेवणं हा तर वेगळाच आजार विकत घेणं आहे. आणि सुजलेल्या गालाला बाहेरून गरम शेक देऊ नका. पू असेल तर तो बाहेरच्या बाजूला वाट काढतो आणि गालावर कायमचा व्रण राहतो.

एक इशारा ठळक देतो. सूज जबड्याच्या खाली, हनुवटीखाली, मानेकडे उतरायला लागली, गिळताना अडायला लागलं, जीभ वर उचलल्यासारखी वाटली, आवाज घोगरा झाला किंवा आडवं पडल्यावर श्वास अडकला, तर सकाळची वाट बघायची नाही, दातांच्या क्लिनिकची अपॉइंटमेंटही शोधायची नाही. सरळ मोठं हॉस्पिटल. जिभेखालच्या जागेत पसरलेला संसर्ग श्वासनलिका दाबू शकतो, आणि ते काही तासांत होतं. हे क्वचित घडतं, पण खालच्या मागच्या दाढांपासूनच बहुधा घडतं.

आता ओपीजी. तुमच्याकडे फिल्म असेल तर खिडकीच्या उजेडात धरून मुलीलाही दाखवा, तिला कळू दे. खालच्या जबड्यातून आडवा जाणारा, दोन बारीक पांढऱ्या रेघांमधला एक करडा पट्टा दिसेल. तो नसेचा बोगदा. ही नस खालच्या ओठाची आणि हनुवटीची संवेदना नेते. अक्कलदाढेची मुळं या पट्ट्यापासून दूर असतील तर काळजी जवळजवळ नाही. मुळं पट्ट्यावर आलेली दिसली तरी लगेच घाबरू नका, चपट्या चित्रात पुढे-मागे असलेल्या गोष्टीही एकमेकींवर दिसतात. मी तीन गोष्टी शोधतो: पट्ट्याजवळ मुळाचा रंग एकदम काळपट होतो का, पांढरी रेघ मुळापाशी तुटते का, आणि पट्टा तिथे वाकडा होतो का. यातलं काही दिसलं तर सीबीसीटी नावाचं त्रिमितीय स्कॅन करून घ्यावं. नाही दिसलं तर स्कॅनचा खर्च उगाच करू नये.

मावशींची भीती खोटी नाही, पण ऐकीव आहे. खालची अक्कलदाढ काढल्यावर ओठाचा किंवा जिभेचा एक भाग बधिर राहू शकतो. शंभरातल्या मोजक्या पेशंटांना हे होतं, आणि त्यातल्या बहुतेकांचं काही आठवड्यांत ते सहा महिन्यांत भरून येतं. कायमचं राहण्याचं प्रमाण शंभरात एकाहूनही कमी. आणि ही नस फक्त संवेदनेची आहे, हालचालीची नाही. त्यामुळे ओठ वाकडा होत नाही, हसू बदलत नाही. दाढेच्या डॉक्टरने दिलेल्या इंजेक्शननंतर भूल उतरेपर्यंत वाटतं ना, तसं एका भागात वाटत राहतं. त्रासदायक आहे, दाढी करताना किंवा लिपस्टिक लावताना जाणवतं, पण चेहरा बिघडत नाही. मुळं नसेला अगदी चिकटलेली असतील तर आणखी एक मार्ग आहे: दाढेचा फक्त वरचा भाग कापून काढायचा आणि मुळं जागेवर सोडायची. त्याला कोरोनेक्टॉमी म्हणतात. मुळांना जंतुसंसर्ग नसेल तर ती तिथे निमूट राहतात, कधी वर सरकली तर नसेपासून दूर होतात आणि मग काढणं सोपं जातं.

आजींना सांगा, नजरेची नस वेगळी, दाताची वेगळी. दोन्ही मेंदूतून स्वतंत्र निघतात. ही समजूत कुठून आली असावी याचा अंदाज मात्र करता येतो. वरच्या दातात पू झाला की डोळ्याखाली सूज येते, डोळा मिटतो. त्याच दरम्यान दात काढला जातो आणि दोष काढण्यावर येतो. खरा धोका पू तसाच ठेवण्यात असतो.

‘पुढचे दात वाकडे होतील म्हणून अक्कलदाढा काढा’ असं कुणी सांगितलं असेल तर ते कारण धरू नका. पुढच्या दातांची गर्दी अक्कलदाढा नसलेल्यांनाही वय वाढेल तशी होते.

चारही एकदम काढायच्या का? वरच्या दोन सरळ आहेत म्हणता. उजवीकडची खालची गेली की वरचीला चावायला जोडीदार राहत नाही, ती हळूहळू खाली उतरते आणि खालची हिरडी किंवा गाल चावायला लागते. शिवाय सध्या झापडीवर आपटणारी तीच आहे. वरची सरळ दाढ भूल दिल्यावर बऱ्याचदा काही मिनिटांत निघते, म्हणून एकाच बैठकीत दोन्ही काढणं सोयीचं. डावी बाजू मोकळी राहते, मुलीला त्या बाजूने जेवता येतं.

डावीकडच्या खालच्या दाढेसाठी ती तपासायची गोष्ट ही: सातवीच्या मागे बारीक टोकाचं मोजमापाचं हत्यार, प्रोब, हिरडीत सरकवून बघायला सांगा. ते आठवीला जाऊन टेकलं, म्हणजे तोंडातून तिथपर्यंत वाट आहे, अन्न आणि जंतू जाणार. मग तीही काढण्याच्या बाजूने मी असेन, आज दुखत नसली तरी. प्रोब टेकत नसेल, दाढ पूर्ण हाडात गाडलेली असेल, भोवती काळी गोल पोकळी म्हणजे सिस्ट दिसत नसेल आणि सातवीचं मागचं हाड शाबूत असेल, तर ठेवा आणि दोन वर्षांनी पुन्हा एक्स-रे काढा. काढायची ठरली तर उजवी बाजू भरून आल्यावर, साधारण तीन आठवड्यांनी. सात आठवड्यांत हे बसतं, पण उद्याच सुरुवात केली तर.

पूर्ण भूल कधी लागते? दाढ फार खोल असेल, चारही कठीण असतील, पेशंटला सुईची कमालीची भीती असेल किंवा काही आजारामुळे खुर्चीत बसून काम करणं शक्य नसेल तेव्हा. एरवी जागेपुरती भूल पुरते. पूर्ण भुलीचा खर्च, तपासण्या, उपाशी राहणं, एक दिवसाचं ॲडमिशन हे सगळं दोन दाढांसाठी गरजेचं नाही. सूज असताना मात्र जागेपुरती भूल नीट लागत नाही, कारण सुजलेल्या भागात आम्लता वाढलेली असते आणि औषध काम करत नाही. म्हणून सूज उतरून आठ-दहा दिवस गेल्यावरची वेळ चांगली. तुमची ती वेळ आत्ता आहे.

खुर्चीत काय होतं ते मुलीला आधी सांगून ठेवा. अर्धी भीती तिथेच जाते. इंजेक्शन जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात आतल्या बाजूला दिलं जातं. पाचेक मिनिटांत अर्धा ओठ जाड, सुजल्यासारखा वाटायला लागतो. प्रत्यक्षात सुजलेला नसतो, आरशात बघून खात्री करून घ्यावी. मग हिरडी बाजूला घेऊन दाढेभोवतीचं थोडं हाड फिरत्या बरने, म्हणजे बारीक ड्रिलने, कमी करतात, त्यावर सतत सलाइन पडत असतं, त्यामुळे घशाकडे पाणी जमतं, ते असिस्टंट ओढून घेते. तिरकी दाढ अखंड बाहेर येऊ शकत नाही, पुढे सातवी आडवी असते. म्हणून ती मधोमध चिरून आधी डोकं आणि मग मुळं काढतात. चिरलेली दाढ तुटताना ‘कट्’ असा आवाज कानातच होतो. हा क्षण सगळ्यांना दचकवतो, कारण वाटतं जबडाच मोडला. दाब जाणवेल, हलवल्यासारखं वाटेल, दुखता कामा नये. टोचल्यासारखं दुखलं तर हात वर करायचा, आणखी भूल देता येते. सहन करून दाखवण्यात काही शहाणपण नाही. पोकळी धुऊन दोन-तीन टाके. खालच्या दाढेला साधारण अर्धा-पाऊण तास.

बाहेर आल्यावर गॉजचा बोळा पाऊण ते एक तास घट्ट दाबून धरायचा. दर पाच मिनिटांनी काढून बघायचं नाही. पहिले चोवीस तास चूळ नाही, थुंकणं नाही, स्ट्रॉने पिणं नाही. हे तिन्ही नियम एकाच कारणासाठी: पोकळीत साकळलेली रक्ताची गुठळी हेच तिथलं नैसर्गिक झाकण असतं, ओढ बसली की निघून येतं. लाळ दिवसभर गुलाबी दिसेल, चमचाभर लाळेत एक थेंब रक्तही खूप वाटतं. तोंड रक्ताने भरत असेल तर नवा बोळा दाबा आणि फोन करा. भूल उतरायच्या आधीच दुखण्याची पहिली गोळी घ्यायची. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन यांची जोडी बहुतेकांना पुरते, ॲसिडिटी, दमा किंवा किडनीचा त्रास असेल तर आयबुप्रोफेनबद्दल आधी विचारायचं. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ, फडक्यात गुंडाळून, थोडा वेळ लावून थोडा वेळ थांबून. रात्री दोन उशा.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. लोक इथे घाबरतात: ‘काल बरी होती, आज फुगली.’ ते अपेक्षितच आहे. चौथ्या दिवशी उतरायला लागली पाहिजे. तेव्हा वाढत असेल, ताप असेल, तर दाखवायला या. दुसऱ्या दिवसापासून जेवणानंतर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून हलक्या चुळा, गुळण्या करायच्या नाहीत. खाण्यात मऊ भात, तुपाचा शिरा, गार केलेली खिमट, ताक, केळं, उकडून कुस्करलेला बटाटा. आइस्क्रीम चालेल, कोन नको. पहिला आठवडा पोहे, शेंगदाण्याचं कूट, तीळ, चिवडा, खसखस लांब ठेवा. हे बारीक कण पोकळीत बसले की काढता काढता जीव जातो. टाके विरघळणारे नसतील तर सातव्या दिवशी काढायचे.

एका गोष्टीसाठी मनाची तयारी ठेवा. दुखणं कमी होत आलं असताना तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक कानापर्यंत जाणारी कळ सुरू झाली, तोंडाला वास यायला लागला आणि गोळीने फरक पडेना, तर तो ड्राय सॉकेट. गुठळी निघून हाड उघडं पडलेलं असतं. अँटिबायोटिक वाढवून उपयोग नसतो. पोकळी धुऊन त्यात लवंगेच्या अर्काची औषधी पट्टी ठेवली की बहुधा काही वेळातच पेशंटचा चेहरा बदलतो. एक-दोनदा पट्टी बदलावी लागते. सिगारेट ओढणाऱ्यांत हे जास्त होतं. मुलीला पीसीओडीसाठी हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर त्या आधी सांगा, त्यांनीही शक्यता थोडी वाढते. मुली घरच्यांसमोर ही गोळी सांगत नाहीत, म्हणून तिला डॉक्टरांशी पाच मिनिटं एकटीने बोलू द्या.

थोडं विषयांतर, पण गरजेचं. तोंड न उघडण्याचं कारण दर वेळी अक्कलदाढ नसतं. सुपारी, गुटखा, मावा खाणाऱ्यांची गालाची आतली कातडी पांढरट, ताठ होत जाते आणि तोंड उघडणं महिन्यागणिक कमी होतं. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी अशी तोंडं रोज बघायला मिळतात. घरातल्या कुणाला तिखट एकदम झोंबायला लागलं असेल आणि तोंड तीन बोटांपेक्षा कमी उघडत असेल तर दाढ सोडा, आधी ते दाखवा.

प्रवासाचं गणित. निघण्याआधीच्या दहा दिवसांत ही दाढ काढू नका. ड्राय सॉकेट पहिल्या आठवड्यात कळतो, पण खालच्या पोकळीत अन्न अडकून होणारी उशिराची सूज तीन-चार आठवड्यांनीही येऊ शकते, आणि तेव्हा ती अनोळखी गावात वसतिगृह शोधत असेल. म्हणून उजवी बाजू याच किंवा पुढच्या आठवड्यात उरका. सोडून दिली तर काय? तिथेही उपचार होतात, पण सूज डॉक्टरची तारीख बघून येत नाही आणि प्रवास विम्यात जुन्या दातदुखीचा खर्च बहुधा बसत नाही. सामानात ओपीजीची डिजिटल प्रत आणि कोणती दाढ कधी काढली, कोणती का ठेवली, एवढं लिहिलेला डॉक्टरांचा कागद असू द्या.

कुणाकडे काढायची? सरळ वरची दाढ कुठलाही अनुभवी डेंटिस्ट काढतो. खालची तिरकी दाढ काढण्यासाठी तोंड आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेत एमडीएस झालेला सर्जन असेल तर उत्तम, अनेक क्लिनिकमध्ये तो ठरलेल्या दिवशी येतो. त्याला तीन प्रश्न विचारा: मुळं नसेपासून किती लांब आहेत, सातवीला आत्ता काही झालंय का, आणि रात्री काही झालं तर फोन कुणाला करायचा. तिसऱ्याचं उत्तर चटकन मिळालं नाही तर दुसरा दवाखाना बघा. खर्च शहरागणिक आणि दाढेगणिक बदलतो. खासगीत एका आडव्या दाढेला साधारण पाच ते पंधरा हजार ऐकू येतात. ते परवडत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत रुग्णालय आहे, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय आहे. रांग असते, विद्यार्थी बघायला उभे असतात, पण अशा दाढांचा तिथल्या सर्जनांचा हात रोजचा असतो आणि फी नाममात्र.

आता तुमची दाढ. वय 54, शुगर आटोक्यात, हृदयासाठी इकोस्प्रिन ही रक्त पातळ करणारी गोळी चालू, आणि ओपीजीत एक दाढ हाडात पूर्ण गाडलेली, आजवर एकदाही दुखलेली नाही. ठेवा. या वयात हाड टणक झालेलं असतं, मुळं हाडाला धरून बसलेली असतात, भरून यायला वेळ लागतो, आणि काढून मिळणार काहीच नाही. दोन वर्षांनी एक्स-रे, भोवती पोकळी वाढत नाही एवढं बघायचं. पुढे कधी कवळी बसवायची वेळ आली तर या दाढेची आठवण डॉक्टरांना करून द्या, कवळीच्या दाबाखाली अशी दाढ कधी कधी उशिरा डोकं वर काढते. आणि कुठलाही दात काढायचा झाला तर इकोस्प्रिन आपल्या मनाने बंद करू नका. एका इकोस्प्रिनवर दात काढता येतो, रक्त थोडं जास्त वेळ येतं, बोळ्याने आणि टाक्याने थांबतं. दोन प्रकारच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर दाताच्या डॉक्टरांना तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांशी बोलू द्या. सकाळची नाश्त्यानंतरची वेळ घ्या, शुगरची गोळी नेहमीसारखी, आणि एचबीए1सीचा, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा ताजा रिपोर्ट बरोबर न्या.